सावडीचा वर्ग

विमल,

तुझ्या दहाव्याहून घरी आले, पाय धुतले आणि चहा ठेवणार तोच संस्थेच्या साहेबांचा ठाण्याहून फोन आला. आधी ते तुझ्याबद्दल चांगलं बोलले. मनापासून बोलले, खोटं नाही सांगत. मग म्हणाले, "ताई, विमलताईंचे सगळे धडे रेकॉर्ड झालेले आहेत ना? मग आता बुधवारच्या मीटिंगची गरज उरत नाही. जिला जेव्हा वेळ मिळेल तेव्हा तिने एकटीने धडा बघावा, प्रश्नांची उत्तरं द्यावीत, प्रमाणपत्र घ्यावं. कुणी कुणासाठी थांबायला नको. तुमचंही हेच म्हणणं होतं."

माझं हेच म्हणणं होतं. तीन अहवालांत मी ते लिहून पाठवलं आहे, आकड्यांसकट. तुझ्याशी मी ज्या बाजूने दोन वर्षं भांडले ती बाजू तू गेल्यावर दहाव्या दिवशी जिंकली. मी साहेबांना म्हटलं, शनिवारपर्यंत कळवते. चहा ठेवायचा राहून गेला.

आपण काय केलं हे कुणाला सांगायचं तर दोन ओळींत संपतं. मोबाइलवरून शेळीपालन शिकवायचा वर्ग. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या पाड्यांवरच्या, दर तुकडीला तीस बायका, सहा-सहाचे पाच गट, दर बुधवारी दुपारी मीटिंग. तू वैशाखऱ्याची पशुसखी, शेळ्यांना जंताचं औषध पाजत गावोगाव फिरलेली, शिकवायचीस तू. मी शहापुरात स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसायची. धडे कोणत्या क्रमाने यायचे, कोणता गृहपाठ कधी द्यायचा, कुणी केला, कुणी नाही, हे बघायची. वर्ग आखायचं काम दोघींचं. भांडायचंही.

पहिलं भांडण माचावरून झालं. तिसऱ्या आठवड्याचा गृहपाठ मी असा लिहिला होता: प्रत्येकीने गोठ्यात बांबूच्या पट्ट्यांचा माच घालायचा, म्हणजे लेंड्या आणि मूत फटींतून खाली पडेल, शेळी कोरड्यात बसेल, आणि रविवारपर्यंत फोटो पाठवायचा. रविवारी रात्री तीस जणींत फोटो आले पाच. प्रत्येक गटातून एक. बाकी पंचवीस नावांपुढे मी शून्य टाकलं आणि तुला फोन केला की वर्ग बुडाला.

तू म्हणालीस, "तुझ्या कागदावर बाया मेल्या गो. इथं तर जित्या हायत."

"फोटो कुठे आहेत मग?"

"पाठवले की. त्या फोटोंत हात मोज. तुला मोजायची हौस ना?"

मी फोटो मोठा करून बघितला. डोळखांबकडच्या पाड्यावरचा होता. एकीने बांबू धरलेला, दुसरी चिरते आहे, तिसरी दोरीने आवळते आहे, कडेला आणखी दोघी, आणि फोटो काढणारीची सावली. सहाही होत्या. त्यांनी वर्ग सावडीवर लावला होता. भात लावायला आज सगळ्या तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. तसंच या आठवड्याला माच हिच्याकडे, पुढच्या आठवड्याला तिच्याकडे. ज्या घरचा नंबर तिच्या नावाने फोटो. त्यांच्या हिशेबाने गृहपाठ चोख झाला होता. मी लिहिलेल्या 'प्रत्येकीने' या शब्दाचा अर्थ त्यांनी 'प्रत्येकीकडे' असा घेतला, आणि घाईही त्यांना दिसली नाही; फेरी फिरायला सहा आठवडे लागणार हे त्यांना इतकं उघड होतं की कुणी मला विचारलंसुद्धा नाही.

तुला ते बघताक्षणी कळलं. मला समजावल्यावर कळलं, पण पटलं नाही. माझ्या आखणीत चौथ्या आठवड्याला लसीकरण होतं, पाचव्याला चारा, आठव्याला वर्ग संपत होता. ज्या बाईचा नंबर सहावा तिच्याकडे माच पडेपर्यंत वर्ग संपूनही जाणार. "मग धडा थांबव," तू म्हणालीस. "फेरी झाल्याशिवाय पुढचा धडा नाय." मी म्हटलं, तीस बायका एका माचासाठी दीड महिना थांबवायच्या? तू म्हणालीस, "थांबवतंय कोण? त्या काम करतात गो. तूच एकटी थांबलीस."

तुझं हे बोलणं मला लागलं होतं. तुला सांगितलं नाही.

माझी बाजूही काही पोकळ नव्हती, आणि ती मी आजही सोडलेली नाही. शेळी आजारी पडते तेव्हा गट दारात नसतो. तेव्हा त्या एकटीला कळलं पाहिजे, तिच्या हाताला जमलं पाहिजे. दुसऱ्या वर्षी खर्डीकडच्या गटात भागीचा नंबर शेवटचा आला. तिचा गोठा ओलाच राहिला आणि तिची तीन करडं गेली. मी तुला फोनवर म्हटलं, "नंबरची वाट बघत बसली म्हणून गेली. एकटीने दोन दिवसांत घातला असता माच." तू फोन ठेवलास. दोन दिवस तुझा फोन आला नाही. मला वाटलं, मी जिंकले. फार वाईट वाटत होतं ते जिंकून.

तिसऱ्या दिवशी तू किन्हवलीला बोलावलंस, अर्ध्या वाटेवर. तू सरळगावमार्गे आलीस, मी शहापूरहून. स्टँडसमोरच्या टपरीवर तू चहा सांगितलास आणि म्हणालीस, "मी भागीकडं जाऊन आली. ती तुझ्यासारखंच बोलली, एकटीनं घातला असता. मी इचारलं, घातला का नाय मग? ती बोलली, एकटीनं कोण करतंय ताई, कंटाला येतो." मग बशीतला चहा फुंकत तू म्हणालीस, "फेरी मोडायची नाय. फेरी सुरू कुठनं करायची ते चुकलं."

त्या टपरीवर आपण वर्ग पुन्हा मांडला. शेळीचा डोळा बघायचा धडा सातव्या आठवड्यातून उचलून पहिल्या आठवड्यात आणला. खालची पापणी ओढायची, आतला रंग बघायचा. लाल असेल तर बरं, फिका पडत गेला तर पोटात जंत आणि अंगात रक्त कमी. सहाही जणींनी आपापल्या शेळ्यांचे डोळे बघायचे, मीटिंगमध्ये सांगायचे, आणि जिच्या शेळ्यांचा रंग सगळ्यांत फिका तिचा नंबर पहिला. ओल्या गोठ्यात जंत वाढतात, म्हणून माचही तिच्याकडे आधी. धडे त्या फेरीला धरून पुढे जायचे. डोळा बघणं मात्र प्रत्येकीने एकटीने करायचं, ही माझी अट. ती तू मानलीस. म्हणालीस, "चल, तुझं पण रव्हूदे थोडं."

शिकवण्याची आखणी म्हणून मला कुणी विचारलं तर मी तोच कागद दाखवीन. चहाचे डाग असलेला आहे, पण त्यात चूक सापडायची नाही.

प्रमाणपत्राचं तेवढं राहिलं. तुझं म्हणणं, सहा जणींचं मिळून एक. माझं म्हणणं, ज्याच्या त्याच्या नावाचं. "सहा जणींचं एक म्हणजे ते लावायचं कुणाच्या घरी?" मी विचारलं होतं. तू म्हणालीस, "ते बी फिरंल की. आज हिच्याकडं, उद्या तिच्याकडं." आणि इतकी हसलीस की ठसका लागला. त्यावर माझ्याकडे चांगलं उत्तर होतं. पुढच्या खेपेला देईन म्हणून ठेवलं.

तुझ्या दहाव्याला मी बायकांत बसले होते. नावं सगळ्यांची पाठ, आवाजही ओळखीचे, कोणता चेहरा कुणाचा ते माहीत नाही. नेट वाचावं म्हणून मीटिंगमध्ये कॅमेरे बंदच असायचे. कोण बोलतंय ते ऐकून मी मनात नाव लावत होते. एक ठेंगणी बाई जवळ सरकली आणि म्हणाली, "तुमीच का त्या हजेरीवाल्या?"

मी हो म्हटलं.

"विमलताई बोलायची तुमच्याबद्दल. बोलायची, ती वाईट नाय गो, नुसती मोजते."

शेजारची तिला कोपराने ढोसून म्हणाली, "तोंड आवर की भागे, कुठं काय बोलावं!" मग कळलं की ही भागी. मी हसले, आणि हसता हसता मला जे रडू आलं ते आवरेना. भागीने पदराचं टोक पुढे केलं. तिच्या गोठ्यात आता माच आहे, शेळ्या पाच आहेत. हे तिने न विचारता सांगितलं. मला आकडा दिला की बरं वाटेल, असं तूच सांगून ठेवलं असणार.

तुला एक कधी बोलले नाही. मुलगा पुण्याला, मुलगी सासरी. हे सकाळी जातात ते दिवेलागणीला येतात, आणि मुळात कमी बोलणारे. माझा दिवस कामात जातो, कामाचं बोलणंही होतं: गॅसवाला, दूधवाला, संस्था. पण बिनकामाचं बोलणं आठवड्यात एकच असायचं. मीटिंग संपली की तू मला फोन करायचीस आणि मीटिंगमध्ये झालेलं सगळं परत सांगायचीस, जशी मी तिथे नव्हतेच. मी म्हणायची, "विमल, मी ऐकलं आहे हे." तू म्हणायचीस, "तू हजेरी घेत व्हतीस. ऐकलं नायस." आणि मग भाजी काय केली, बोकड कुणाच्या वालात शिरला, सून कशी बोलली. आपण तीस बायकांनी एकटीएकटीने शिकू नये म्हणून एवढी आखणी करत होतो, त्यात मीही बसले आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तू गेल्यानंतरच्या बुधवारी मीटिंग नव्हती. तरी दुपारी मी मोबाइल घेऊन ओट्यावर बसले होते. कशाला, ते मलाही सांगता येणार नाही.

शुक्रवारी साहेबांना पाठवायचे म्हणून तुझे धडे उघडले. पाठवायचे की नाही ते ठरलं नव्हतं, पण आधी तपासून घ्यावेत ही सवय. ते आपण तुझ्या अंगणात काढले होते. मी मोबाइल धरलेला, तू शेळी गुडघ्यांत धरलेली. मीटिंग चुकली तर बघायला, एवढाच त्यांचा उपयोग होता. डोळ्याचा धडा लावला. तू शेळीची पापणी ओढतेस, म्हणतेस, "आता तुमच्या बकरीची बघा. कशी दिसते, बोला." आणि थांबतेस. मोबाइलकडे बघत राहतेस. मागे कोंबडा आरवतो. शेळी माझ्या पदराकडे तोंड नेते, तू तिला ओढतेस, परत मोबाइलकडे बघतेस. मग म्हणतेस, "बरं."

अंगणात उभी असताना मला वाटायचं, तू पुढचं वाक्य आठवते आहेस. मुलगा म्हणालाही होता, या मोकळ्या जागा कापून टाकूया, धडा लहान होईल. राहून गेलं ते. शुक्रवारी घरात कुणी नसताना ते बघत होते तेव्हा कळलं की तू आठवत नव्हतीस. तू उत्तर यायची वाट बघत होतीस. समोर मी एकटी, तरी तू सहा जणींना बोलायला जागा सोडली होतीस. प्रत्येक धड्यात सोडली आहेस. तू विचारलंस, "कशी दिसते, बोला," आणि स्वयंपाकघरात फ्रिजचा आवाज येत राहिला. मला ती जागा सहन होईना. माझ्याकडे तर शेळीसुद्धा नाही.

शनिवारी साहेबांना फोन केला. म्हटलं, मीटिंग चालू ठेवायची.

"पण ताई, तुमच्याच अहवालात आहे की गटामुळे उशीर होतो."

"होतो. लिहिलं ते खरं आहे."

"मग?"

"उशीर होऊ दे."

ते थोडे हसले. म्हणाले, शिकवणार कोण? मी म्हटलं, मी घेईन. विमलचा धडा लावीन आणि पुढचं बोलेन. ते म्हणाले, "तुम्ही शेळीला हात लावला आहे का कधी?" खरं ते सांगितलं: लावला नाही, पदर खाऊ दिला आहे. शेवटी ठरलं ते असं. डोळखांबकडच्या या वेळच्या गटाची फेरी अर्धी झाली आहे, तीन घरांत माच पडला, तीन राहिले. ती फेरी मीटिंग घेऊन पूर्ण झाली तर वर्ग आपल्या पद्धतीने चालेल. बायका गळाल्या, तर तुझे धडे सगळ्यांना वाटून द्यायचे, ज्याने त्याने बघावेत. साहेबांचं काही चुकलं नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं, कदाचित अहवाल मागून.

काल बुधवार. मी साडी बदलली, कॅमेरा बंद असतानाही. बायका येतील का, आणि आल्या तर मी बोलू काय? तू तोंड उघडायचीस आणि गप्पा सुरू व्हायच्या. मी तोंड उघडते तेव्हा लोक सावरून बसतात. एकेक नाव दिसायला लागलं. डोळखांबच्या सहाही आल्या, तीन मोबाइलवर. बाकीचे गटही आले. मी हजेरी घेतली, कारण तेवढंच येतं. मग म्हटलं, "विमलताईंचा डोळ्याचा धडा परत बघूया, फेरीचे शेवटचे तीन नंबर ठरवायला." आणि धडा लावला.

तू आलीस. अंगण, शेळी, तुझी हिरवी साडी. कुणीतरी नाक ओढलं. तू पापणी ओढलीस. "आता तुमच्या बकरीची बघा. कशी दिसते, बोला."

कुणी बोललं नाही. मी मीटिंग सुरू होताना सगळ्यांचे माइक बंद करते, गोंगाट नको म्हणून. तू त्यावरूनही मला बोलायचीस. कोंबडा आरवला. मी हात पुढे करून सगळ्यांचे माइक उघडले. एकदम घरंच आत आली. भांडं पडलं, पोर रडलं, करडू ओरडलं. आणि त्यात पार्वतीचा आवाज, डोळखांबच्या गटातली, जिचा नंबर शेवटी धरला होता.

"ताई, माझीचं फिकं दिसतंय. गेल्या येळंला लाल व्हतं."

"बरं," तू म्हणालीस. "लाल दिसला ना? मग काळजी नाय. आता—"

मी तुला थांबवलं.

मग मी म्हटलं, "पार्वती, परत सांग गं. कशी दिसते?"

"फिकी. पार पांढरी नाय, पन फिकी. चारा बी सोडलाय तिनं."

"दोन्ही डोळे बघितलेस?"

"दोनी. एकटीनंच बघितले, सांगितलंवतं तसं."

मला पुढे काय विचारायचं ते माहीत नव्हतं, आणि मी तसं सांगून टाकलं. म्हटलं, दवाखान्यात आत्ता फोन लावते, औषध किती पाजायचं ते विचारून कळवते. तोवर दुसरीच एक बोलली, "उद्या माझ्याकडं नंबर हाय ना? माझा मागं लोटा. उद्या पार्वतीकडं जाऊ." तिसरी म्हणाली, बांबू कुणाकडे आहेत? पार्वती म्हणाली, "माझ्याकडं नाय गो, नंबर लांब व्हता म्हनून तोडले नाय." "आमच्याकडचे घे की मग, का आता बांबूला पन मीटिंग लावायची?" सगळ्या हसल्या. वर्ग झाला तरी मीटिंगला येणारी भागी खर्डीकडून मध्येच ओरडली की औषध उपाशी पोटी पाजा, आणि दोघी एकदम तिला म्हणाल्या, ठावं हाय, तू कोण मोठी डाक्टर!

मी बोलत नव्हते. कुणाचं नाव लिहून घेत नव्हते. लॅपटॉपवर तू होतीस, शेळी गुडघ्यांत, एक हात तिच्या कानामागे, तोंड अर्धं उघडं, पुढचा शब्द यायचा राहिलेला. बायका एकमेकींत बोलत होत्या. तुला मी पुढे चालू केलं नाही.